त्याच हाताच्या चकल्या

आमच्या दाव्याविरुद्ध विमा कंपनीने कोर्टात जे कागद लावले, त्यातला सगळ्यात भक्कम कागद माझ्या सहीचा होता. साधीसुधी सही नव्हे. पूर्ण नाव, तारीख आणि खाली दोन ठसठशीत रेघा. तीस वर्षं रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं. कागदावर सही करायची तर ती कुणाला नाकारता येऊ नये अशी, हा माझा बाणा. त्याचा पहिला खरा फायदा झाला तो समोरच्या पार्टीला.

पण आधी अपघात सांगतो, म्हणजे माझा मूर्खपणा क्रमाने लागेल.

निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी खूळ लागतं. मला वाशीच्या घाऊक बाजाराचं लागलं. ऐरोलीत दाराशी भाजी मिळत असताना स्कूटर काढायची, बायकोला मागे बसवायची आणि वाशीला जाऊन दोन माणसांच्या घरासाठी पाच अननस आणायचे, याला मी काटकसर म्हणत असे. त्या दिवशी बायको म्हणाली होती, बसने जाऊ. मी म्हटलं, बसमध्ये अननस टोचतात. बाजाराबाहेरच्या रस्त्यावर एक हातगाडी दिसली. मी स्कूटर थांबवली आणि बसल्या जागेवरूनच भाव विचारायला लागलो. ती म्हणाली, "अहो, खाली उतरा, गाडी बाजूला घ्या." मी म्हटलं, "एक मिनिट."

पुढे उभा असलेला टेम्पो मागे आला. हॉर्न नाही, मागे बघायला माणूस नाही, काही नाही. मी एका बाजूला पडलो, माझा गुडघा खरचटला. ती दुसऱ्या बाजूला पडली, उजवा हात टेकून. तिचं मनगट मोडलं. हातगाडीवाल्याने टेम्पो अडवला, पोलिसांना बोलावलं, जबाब दिला. मी काय केलं? मी टेम्पोवाल्याला "सॉरी" म्हटलं. माझ्या तोंडून ते आपोआप निघतं. लोकलच्या दाराला खांदा लागला तरी मी दाराला सॉरी म्हणतो.

हातात प्लेट बसली, टाके निघाले, पण मूठ काही पुरी वळेना. डॉक्टर म्हणाले, एवढंच राहणार. तेव्हा सोसायटीतल्या कुणीतरी वकीलबाईंचं नाव सुचवलं.

वकीलबाई इथल्याच, ऐरोलीच्या जुन्या गावातल्या. सेक्टर आणि टॉवर यायच्या आधी त्यांच्या घरची खाडीकाठी भातशेती होती. वडील जमिनीच्या कागदासाठी या ऑफिसातून त्या ऑफिसात हिंडायचे, ते बघून पोरगी वकील झाली. आता पन्नाशीच्या. घराच्या तळमजल्यावर ऑफिस, बाहेर तुळस, आत कायद्याची पुस्तकं आणि कोपऱ्यात सुके बोंबील वाळवायची दोरी, रिकामी, पण वास शिल्लक.

त्यांनी बायकोला विचारलं, "काकू, हाताचा त्रास काय काय होतो?"

"विशेष काही नाही. आता छान आहे."

मी लगेच दुजोरा दिला. "हो, खूपच छान आहे. ती फार धीराची आहे हो."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "छानला भरपाई नसते, काका. मी छानचा दावा लावू का?"

मग त्यांनी बायकोला एक वही दिली. रोज काय करता येत नाही ते लिहून ठेवायचं. पंधरा दिवसांनी वही परत गेली ती कोरी. बायको म्हणाली, "रोजचीच कामं. त्यात काय लिहायचं?" शेवटी डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर आणि दोन ढोबळ वाक्यांवर दावा लागला.

टेम्पोच्या विमा कंपनीचं उत्तर आलं. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, बाई गृहिणी आहे, तिचं काही बुडालेलं नाही, हातही बराच बरा आहे. दोन, चूक स्कूटरवाल्याची, म्हणजे माझी. रस्त्यात गाडी उभी केली, म्हणून अपघात झाला.

पहिली गोष्ट वाचून मला राग आला. दुसरी वाचून आला नाही. मला ती पटत होती. अपघातापासून त्या 'एक मिनिट'ने माझी पाठ सोडली नव्हती. मी वकीलबाईंना म्हटलंसुद्धा, "हे अर्धं मान्य करून टाकू या का? निदान हाताचं तरी नीट होईल."

बायको म्हणाली, "हाताचं काय व्हायचं ते होवो. हे मान्य करायचं नाही."

वकीलबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "म्हंजे काकांना काकूंच्या हाताची केस लढवायची हाय, आनि काकूंना काकांची. बरं हाय."

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन दावे होते, आणि दोन्ही बुडवायची ताकद एकट्या माझ्यात होती.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. दुपारची वेळ, बायको फिजिओकडे गेलेली. बेल वाजली. दारात एक चाळिशीचे गृहस्थ, हातात फाइल, पायातले बूट आधीच काढलेले. बूट काढून उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल माझं मत लगेच चांगलं होतं.

"विमा कंपनीकडून आलोय. काकूंच्या हाताबद्दल थोडं विचारायचं होतं."

आता इथे कुठल्याही शहाण्या माणसाने 'आमच्या वकिलांशी बोला' म्हणून दार लावलं असतं. मी पंखा लावला. चहा टाकला. घर लगेच सापडलं का, विचारलं. ते दिघ्याहून आले होते, तिथे मी उमेदवारीच्या काळात खोली करून राहिलो होतो, मग तर विषयच नको. अर्धा तास आम्ही दिघ्याच्या पाण्यावर बोललो.

आणि आपल्याकडे घरी आलेल्या माणसाने प्रकृती विचारली तर उत्तर एकच असतं. आमच्या घराण्यात गेलेल्या माणसाबद्दलही 'छान गेले हो, त्रास नाही झाला' असं सांगतात. जिवंत बायकोबद्दल मी वाईट कसं सांगणार?

"आता एकदम छान," मी म्हटलं. "सगळं करते."

"सगळं?"

"अहो, सगळं!" मी उठून डबा आणला. "ही चकली खाऊन बघा. दिवाळीची. तिनेच केलीय. त्याच हाताने सोऱ्या फिरवून."

त्यांनी एक खाल्ली. मग दुसरी. मग लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. माणूस सरळ होता, एक शब्द वाढवला नव्हता. उलट चकलीचा उल्लेख राहून गेला होता तो मीच आठवण करून घालायला लावला. सही केली. दोन रेघा. जाताना कागदात बांधून चार चकल्या दिल्या, घरच्यांसाठी.

संध्याकाळी बायकोला मोठ्या कौतुकाने सांगितलं, की कंपनीचा माणूस तुझ्या चकल्यांची तारीफ करून गेला. ती खिडकीत वाळत घातलेला टॉवेल उगाच नीट करत राहिली. मला वाटलं, लाजली.

कागदाची प्रत हातात पडली तेव्हा वकीलबाईंनी मला बोलावून घेतलं.

"काका, तुमी स्टोअरला होता ना? माल गेटबाहेर जायचा तर पास लागायचा?"

"अर्थात! माझ्या सहीशिवाय एक नट गेला नाही कधी."

"मग तोंडाला का नाय लावलात तो नियम?"

मी म्हटलं, मी खोटं तर काही बोललो नाही. त्या म्हणाल्या, "तेच तर. खोटं बोलला असता तर मोडून काढला असता." मला साक्षीला उभं करायचा बेत त्यांनी त्याच दिवशी रद्द केला. म्हणाल्या, "तुमी पिंजऱ्यातनं जजसाहेबांना चहा विचाराल."

बायकोची साक्ष ठाण्याच्या कोर्टात लागली. तिने निळी साडी नेसली होती. साडी नेसवायला समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी आल्या होत्या. मला वाटलं, कोर्टाचं टेन्शन, सोबत म्हणून आल्या असतील.

सुरुवात ठीक झाली. अपघात कसा झाला ते तिने सांगितलं. कंपनीचे वकील मवाळ आवाजाचे, थोराड, तिला 'ताई' म्हणत होते.

"रस्त्यात गाडी उभी करून तुमचे पती भाव विचारत होते?"

"हो. आम्ही उभे होतो. चालत होता तो टेम्पो. उभ्या माणसाने उभं राहून काय चूक केली?"

वकीलबाई खाली बघून कागद चाळत राहिल्या, पण त्यांचा चपलेतला अंगठा हलला, तो मी बघितला.

मग वकिलांनी माझा कागद काढला. सगळा वाचला. माझी भाषा तिथे, त्या पंख्याच्या घरघरीत, भलतीच आनंदी वाटत होती.

"दिवाळीच्या चकल्या तुम्ही उजव्या हाताने सोऱ्या फिरवून केल्या, असं पतीने लिहून दिलंय. बरोबर आहे?"

मागच्या बाकावर बसलेल्या माझ्याकडे तिने बघितलं. केस जाणार हे मला कळत होतं, पण शपथ घेतलीय तर खरं सांगायला हवं, म्हणून मी तिला मान हलवून धीर दिला. सांग, हो म्हण. गाढवाला अजून काही कळलं नव्हतं.

"बाई, उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाले.

ती परत माझ्याकडे बघून म्हणाली, "चकल्या मी केल्या नाहीत."

"मग पती खोटं बोलले?"

"नाही हो. त्यांना खरंच तसं वाटतं. मीच सांगितलं होतं तसं."

"चकल्या कुठून आल्या?"

"बचत गटाच्या बायका करतात, त्यांच्याकडून. पिशवी शेजारी लपवली. पाच-सहा मोडून डब्यात घातल्या. माझ्या थोड्या मोडतात दर वर्षी."

आणि मी, पहिली चकली तोंडात टाकून तिला म्हणालो होतो, 'या वर्षी नेहमीपेक्षा खुसखुशीत झाल्यात!' ते वाक्य कोर्टात मला एकट्यालाच ऐकू आलं.

वकील आता सरसावले. "म्हणजे तुम्ही घरच्या माणसाशी खोटं बोललात. मग कोर्टाशी खरं बोलताय, यावर विश्वास का ठेवायचा?"

तिने पदर डाव्या हाताने सावरला. "कोर्टाला वाईट वाटेल म्हणून मी कशाला खोटं बोलू? कोर्ट काही गाडी चालवत नव्हतं."

टाइप करणारी मुलगी थांबली. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि म्हणाले, "घ्या, बाई म्हणतात तसंच घ्या."

खरं तर वकिलांनी इथे थांबायला हवं होतं. ते वकीलबाईंनी मला नंतर समजावून सांगितलं. उलटतपासणीत ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न विचारायचा नसतो. पण माणूस आहे, डिवचला गेला. त्यांनी विचारलं, "असं आणखी काय काय लपवलंत तुम्ही पतीपासून?"

वकीलबाई पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसल्या.

बायको आधी म्हणाली, काही विशेष नाही. मग म्हणाली, "कणीक मळता येत नाही. वहिनी येऊन मळून देतात, हे फिरायला गेले की." मी रोज सकाळी तासभर फिरायला जात होतो. साखर वाढलीय तुमची, फिरून या, असा तिने लकडा लावला होता. मी सोसायटीत सांगत सुटलो होतो, बायकोची माझ्यावर बारीक नजर असते. तर तो तास माझ्या साखरेचा नव्हता. त्या तासात कुकरचं झाकण लागायचं, बरण्या उघडून ठेवल्या जायच्या, गोळ्या पाकिटातून काढून वाटीत जायच्या, कपडे पिळले जायचे. मी घरी यायचो तेव्हा सगळं छान असायचं.

"वेणी घालता येत नाही," ती म्हणाली. "म्हणून केस कापले."

केस कापून आली तेव्हा मी शीळ घातली होती. पासष्टाव्या वर्षी! म्हटलं होतं, कॉलेजातली दिसतेस. ती हसली होती. चांगली हसली होती.

"भाकरी थापताना हात वळत नाही. आता करतच नाही मी. ह्यांना सांगितलं, मला ज्वारी पचत नाही." ती एकेक आठवून सांगत होती, तक्रार केल्यासारखी नव्हे, दळण कुठे टाकलंय ते सांगावं तशी. "कुलूप उघडता येत नाही, म्हणून हे बाहेर असले की मी बाहेर जात नाही. नातवाला उचलता येत नाही. तो आला की मी आधीच खाली बसून घेते."

वकील म्हणाले, "आणखी प्रश्न नाहीत."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत बसलो. खरं सांगायचं तर मी रुसलो होतो. पकडला गेलो मी, हात गेला तिचा, आणि रुसलो मी. ऐरोली यायला दोन स्टॉप राहिले तेव्हा म्हटलं, "मला सांगायचंस ना."

"सांगून तुम्ही काय केलं असतं?"

"मदत केली असती."

"रडला असता," ती म्हणाली. "हॉस्पिटलात रडलात तसे. नर्स माझं सलाइन सोडून तुम्हाला पाणी आणायला गेली होती. मग मी हात सांभाळू की तुम्हाला?"

कंडक्टर हे ऐकत होता. त्याने तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरायला गेलो नाही. वहिनी आल्या, मला बघून दारातच थबकल्या, चोरी पकडल्यासारख्या. मी म्हटलं, आजपासून कणीक मी मळणार. पहिल्या दिवशी पाणी जास्त झालं, मग पीठ घातलं, मग पाणी, मग पीठ. दोन माणसांसाठी पोळ्या झाल्या सतरा. बायको ओट्याशी स्टूल घेऊन बसली होती. सूचना देत नव्हती. हसू दाबत होती, आणि डोळ्यांना डाव्या हाताचा पंजा लावत होती, कांदा चिरलेला नसताना.

आता मला झाकणं येतात, बरण्या येतात, वाटीत गोळ्या काढणं येतं. निऱ्या अजून येत नाहीत. माझ्या निऱ्या चालता चालता सुटतात, त्यामुळे त्या खात्यात वहिनींची बदली झालेली नाही.

निकाल यायला बरेच महिने गेले. एका रविवारी वकीलबाई स्वतः घरी आल्या, निकालाची प्रत घेऊन. बायकोने चहा टाकायला सांगितला, तो मी टाकला. निकाल इंग्रजीत होता. त्या एकेक परिच्छेद वाचून मराठीत सांगायला लागल्या. हाताला कायमचं अपंगत्व आलंय, हे मान्य. घरात बाई जे करते ते कामच असतं, त्याला पगार नसला तरी मोल असतं, हेही मान्य. मी गॅसजवळून ओरडलो, "बघ!" त्यांनी आकडा सांगितला. मला वाटलं, आता तिचा चेहरा उजळेल.

ती म्हणाली, "दुसरं काय लिहिलंय?"

"काय दुसरं?"

"ह्यांचं."

वकीलबाईंनी पानं मागे उलटली. बोट ठेवून सावकाश वाचलं. स्कूटर थांबलेली होती. टेम्पो मागे न बघता आला. स्कूटर चालवणाऱ्याची काहीही चूक नाही.

"परत वाचा," बायको म्हणाली.

त्यांनी परत वाचलं. इकडे चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि फडकं शोधत राहिलो, समोरच असलेलं.

"अहो, इकडे या," ती म्हणाली. "बसा इथे. फडकं राहू दे."

मी जाऊन बसलो. तिने तो न वळणारा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, नुसता टेकवला, आणि वकीलबाईंना म्हणाली, "आता एकदा ह्यांच्याकडे बघून वाचा."